तुझ्या कोरांटीवरचा घंट

सन एकोणीसशे बारा. मला सेहेचाळिसावं लागलेलं. तू भाच्याच्या मुंजीला कोकणात गेलीस आणि पार उन्हाळा संपत आल्यावर परतलीस. मी स्टेशनावर आलो. ट्रंक माझ्या हातात दिलीस, वळकटी दिलीस, पण काखेतलं बोचकं काही देईनास. मी हात पुढे केला तर म्हणालीस, "नको, टोचेल." मला वाटलं फणस. एक्क्यात बसून गोदौलियापर्यंत मी फणसाच्याच विचारात. घरी येऊन तू बोचकं सोडलंस, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काटेरी काड्या. तीन गाड्या बदलून, एवढा मुलूख ओलांडून, तू काशीला काटे घेऊन आली होतीस.

मी तेव्हा काय बोललो ते तुला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

हे लिहायला मी स्वतः का बसलो ते सांगतो. तेराव्याला वाचायला म्हणून आपल्या वासूने तुझ्यावर एक कागद लिहून आणला. मास्तर आहे तो, चांगलं लिहितो. जन्म कुठला, माहेर कुठलं, मुलंबाळं किती, आणि पुढे 'स्वभाव अत्यंत शांत व मनमिळाऊ'. मी म्हटलं, "ही कोण बाई?" तो म्हणाला, "अप्पा, असंच लिहितात." मी म्हटलं, "मग दुसऱ्या कुणाबद्दल लिही." माझी शाळा तिसरीत सुटली. अन्नछत्रात जन्मभर वरण-भात रांधला, दौत-टाक माझ्या वाट्याला कधी आला नाही. अक्षर वाकडं आहे. ज्याला वाचायचं त्याने मान वाकडी करून वाचावं. पण तू शांत होतीस असं मी माझ्या देखत कुणाला लिहू देणार नाही.

त्या काड्यांचं काय करायचं हे तू गाडीतच ठरवून आली होतीस. दूधविनायकाच्या गल्लीतून पंचगंगेकडे उतरताना डाव्या हाताला एक मोडका चौथरा आहे. कधीकाळच्या पुराने त्याचे दगड ओढून नेले, तेव्हापासून तिथे नुसता विटांचा चुरा आणि रेती. सकाळी ऊन पडलं की तवा तापल्यासारखी जागा. बकऱ्यासुद्धा तिथे थांबत नाहीत. तू म्हणालीस, "इथे." मी म्हटलं, "इथे दगडसुद्धा उगवायचा नाही." तू म्हणालीस, "आमच्या परसात याहून वाईट आहे."

मग तू मला तुझं परस सांगितलंस. तोवर आपल्या लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण ते मी कधी विचारलं नव्हतं आणि तू कधी बोलली नव्हतीस. घरामागे माड, माडांपुढे रेतीची पुळण, पुळणीपुढे समुद्र. खारा वारा असा की जास्वंदीची पानं महिन्याभरात काळी पडायची. तुझ्या आईने मोगरा लावला, तो गेला. शेवंती लावली, ती गेली. उरली ती कडेची कोरांटी. तिला कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणी दिलं नव्हतं, आणि दिवाळीनंतर ती अशी पिवळीधमक व्हायची की होडीवाले लांबून तुमचं घर ओळखायचे. हे सांगताना तू चूल फुंकत होतीस, आणि धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणालीस. मी मानलं. तेव्हा मानलं.

गल्लीत हसले सगळे. आपल्या गल्लीत घरोघरी शास्त्री, घरोघरी पोथ्या. तिथे आचाऱ्याची बायको काटे लावते म्हटल्यावर हसणारच. शेजारचे नाना घाटावर यात्रेकरूंची कर्मं चालवायचे, ते जाता येता विचारायचे, "काय काकू, आज बाभूळ लावणार की निवडुंग?" तू म्हणायचीस, "निवडुंग तुमच्या दारात लावते नाना, दक्षिणा मागायला येणारे तरी कमी होतील." आणि वासू तुला मनमिळाऊ म्हणतो! शास्त्रीणबाई, आपल्या समोरच्या, त्या तर म्हणाल्या की हे झाड इथे रानोमाळ उगवतं, याला कटसरैया म्हणतात, दातदुखीला पाला चघळतात, एवढ्यासाठी कोकणात कशाला जायचं? तू म्हणालीस, "ते इथलं. हे माझ्या आईच्या परसातलं."

काड्या तू पहिल्या पावसाच्या तोंडाला लावल्यास. विटांचा चुरा खाली, वर नदीची जाड रेती, माती मुठीमुठीने. मूळ धरेपर्यंत रोज ओंजळभर पाणी, आणि मूळ धरल्यावर त्या ओंजळीलाही बंदी. चार काड्यांतल्या तीन धरल्या. पुढल्या वर्षी पानं तकतकीत, काटे असे की माझं धोतर फाटलं. तू खूश. मीही खूश होतो, पण धोतर फाटल्याचं बोलत राहिलो.

आणि मग काशीने आपलं काम केलं.

परगावच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून लिहितो. आपल्या घाटावर माणूस स्नान करून वर येतो तो लोटा भरून घेऊन येतो. देवाला घालतो, पिंपळाला घालतो, आणि तळाशी उरलेलं पाणी वाटेत जे हिरवं दिसेल त्याला घालतो. गंगेचं पाणी नाल्यात ओतवत नाही कुणाला. त्यात एका सकाळी कुणीतरी कोरांटीच्या बुडाशी गोटा ठेवला आणि गोट्याला शेंदूर लावला. झालं. दुसऱ्या दिवसापासून रांग. पहाटे चारपासून जो तो लोटा उपडा करतोय, हात जोडतोय, पुढे जातोय. झाडाच्या बुडाशी चिखल. पानं पिवळी पडली. ती पिवळी पडली तशी लोकांना दया आली आणि त्यांनी आणखी पाणी घातलं.

भात मला कळतो. पाणी जास्त झालं की वरून शीत शीत दिसतं आणि खाली गिच्च. तसं मूळ खालून गिच्च झालं. तिन्ही झाडं मी हाताने उपटली, जोर लावावा लागला नाही.

मी काठी घेऊन बसलो. दोन झाडं तू पुन्हा लावली होतीस, कोकणातून टपालाने मागवलेल्या बियांची, आणि मी ठरवलं होतं की बघतो कोण पाणी घालतो. मी आरडाओरडा करायचो, लोक मला वेडा म्हणायचे. "गंगाजल मना करता है!" काशीत गंगाजल नको म्हणणारा मीच पहिला. सगळ्यांत चिवट ती ठकुराइन. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी विधवा, गोटा तिनेच ठेवला होता हे पुढे कळलं. मी ओरडायचो, ती लोटा ओतायची. "ए महाराज, गंगा मइया क जल हौ, जहर ना हौ!" मी म्हटलं, "इस झाड को जहरच है!" ती म्हणाली, "झाड नाहीं, पेड़ बोला." भांडणात भाषा सुधारायची म्हणजे काय ते मी तिच्याकडून शिकलो.

तू मला म्हणालीस, "तुम्ही उद्यापासून घरी बसा."

आणि जे केलंस ते आजही आठवलं की माझी छाती फुगते. चौथऱ्याच्या अलीकडे, खालच्या पायरीच्या वळणावर, तू एक फुटकी कुंडी ठेवलीस आणि तीत तुळस लावलीस. शेंदराचा गोटा उचलून तुळशीजवळ ठेवलास. आणि सरळ ठकुराइनच्या दारात गेलीस. आपल्या त्या हिंदीत म्हणालीस, "माई, हमारी तुलसी को कोई देखनेवाला नहीं. तुम देखेगी?" ती म्हातारी पाघळली. दुसऱ्या दिवसापासून तुळशीपाशी तीच पहारा करायला बसली. येईल त्याचा लोटा तुळशीत रिकामा करवून घेई. कुणी तळाला थोडं राखून वर निघाला तर हाक मारी, "ए भइया, तुलसी माई के आधा?" कोरांटीपाशी लोक पोहोचत ते रिकामा लोटा घेऊन.

एकालाही नको म्हणावं लागलं नाही. काठी लागली नाही. मी वर्षभर ओरडून जे जमवलं नव्हतं ते तू एका फुटक्या कुंडीत जमवलंस. मी तुला तेव्हा काय म्हणालो? "तुळस मीही लावणारच होतो." तू हसून पदर तोंडाला लावलास.

नानांनी एकदा तुला विचारलं होतं, "काकू, कोकणात चार महिने धो धो पाऊस. तिथे तुमच्या झाडाला पाण्याचं काही होत नाही, आणि इथे लोटाभर पाण्याने मरतं?" तू म्हणालीस, "पाऊस येतो आणि पुळणीतून निघून जातो नाना. तुमची भक्ती मुळाशी बसून राहते." नाना त्यानंतर आठवडाभर ते वाक्य सगळ्या घाटावर सांगत होते. मीही सांगत होतो, माझं म्हणून.

ज्या वर्षी पावसाने पाठ फिरवली ते वर्ष मी विसरणार नाही. कार्तिकात पंचगंगेवर बांबूंना आकाशदिवे चढले, पण फुलवाल्यांच्या टोपल्या रिकाम्या. झेंडू बागेतच जळला. विहिरीचं पाणी घालून ज्यांनी काही राखलं होतं ते दुप्पट भावाने विकत होते. आणि तुझा चौथरा! त्या तापलेल्या विटांवर, त्या रेतीत, कमरेएवढी झाडं आणि पानापानाला फूल. पहाटे अंधार फिटला की पायऱ्यांवरून तो पिवळा रंग आधी दिसायचा, मग घाट. त्या महिन्यात किती घरच्या देवांना तुझी फुलं गेली ते मोजलं नाही. शास्त्रीणबाई टोपली घेऊन आल्या. मी वरच्या पायरीवर होतो, वाट बघत होतो की आता तू म्हणशील, कटसरैया रानोमाळ मिळते, रानात जा. तू त्यांची टोपली भरलीस, वर दोन फुलं त्यांच्या अंबाड्यात खोवलीस. मग मीच म्हटलं, "दातदुखीला पालाही घेऊन जा." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी संध्याकाळपर्यंत घरी आलो नाही.

एकदा एक मडमही आली होती, छत्री घेऊन, नावेतून उतरून. घाटाची चित्रं काढणाऱ्या येतात त्यातली. झाडाकडे बघून काहीतरी गोड बोलली, वाकून वास घ्यायला गेली आणि काटा नाकाला लागला. तिचा चपराशी झाडावर वेत उगारून धावला. तू मध्ये उभी राहिलीस. "तिने नाक खुपसलं, झाडाने नाही," असं मराठीतच म्हणालीस. चपराशाला कळलं नाही, मडमेला कळलं नाही, पण दोघं मागे सरले. सरकारशी भांडलेली आमच्या घरातली एकटी तूच.

आपलं एक भांडण राहून गेलं. मी फुलं तोडणाऱ्यांवर ओरडायचो: कळी ठेवा, फांदी ओरबाडू नका, एका घरात चारच न्या. तू म्हणायचीस, "तोडू द्या. तोडलं की झाड चेवतं. फुलं सरली की फांद्याही कापायच्या, नाहीतर नुसतं काटकुळं वाढतं." मी म्हणायचो, फुकट मिळतं म्हणून लोक ओरबाडतात. तू म्हणायचीस, फुकट आहे म्हणूनच झाड टिकलंय, विकायला लागले असते तर लोकांनी उपटून घरी नेलं असतं. हे आपण वीस वर्षं बोलत होतो. या माघातही बोललो. तुझं बरोबर असेल. मला अजून पटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून पटवून घेणार नाही.

आता आजारपणाचं. थोडक्यात लिहितो.

तुझे पाय सुजले, मग पोट. वैद्यांनी पाणी बंद केलं. दिवसभरात चार पळ्या, घसा ओला करण्यापुरतं. वासूने तसा हुकूमच लावला घरात. त्याच्या जिवाला घोर लागला होता, पोराला दोष देत नाही. रमा सून, बिचारी, तुझ्या खोलीत पाण्याचा तांब्याही ठेवायची नाही, तुझी नजर जाईल म्हणून. वैशाख सरत आलेला, बाहेर लू, भिंती रात्रीसुद्धा गरम. पळी मी द्यायचो, कारण दुसऱ्या कुणाच्या हातची तू घेईनास. एकदा पळी घेऊन म्हणालीस, "बघा, मलाच कोरांटी केलीत." आणि हसलीस. आपण दोघंही हसलो. रमाला वाटलं आपल्या दोघांना भ्रम झालाय.

आणि त्या शेवटल्या पहाटे तू म्हणालीस, "अहो, आज पेलाभर द्या."

मी दिला. घाटावरून भरून आणलेलं गार पाणी होतं मडक्यात. पेला भरून दिला, तू सावकाश प्यायलीस, मधे थांबून श्वास घेतलास, पुन्हा प्यायलीस. मग म्हणालीस, "अजून." दुसरा दिला. तोही संपवलास. ओठ पुसलेस आणि म्हणालीस, "आता पुरे." तुझ्या तोंडावर किती महिन्यांनी ते पोट भरल्याचं आलं होतं! मी अन्नछत्रात हजारो पानं उठताना बघितली आहेत. जेवून तृप्त उठलेला माणूस मला लांबून कळतो. ऊन वर आलं आणि तू गेलीस.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. वैद्यांना नाही, वासूला नाही. सांगितलं असतं तर त्याने म्हटलं असतं की त्या पाण्याने आई गेली. कदाचित गेलीस. मला त्याचा हिशोब करायचा नव्हता. मी दिलं, तू मागितलंस म्हणून दिलं, आणि तू मागशील तर पुन्हा देईन.

तुझी हाडं गंगेत सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौथऱ्यावर गेलो. ज्येष्ठ लागलेला. कोरांटी ज्येष्ठात असते तशी होती: पानं झडलेली, नुसत्या काटक्या. हे दर वर्षाचं आहे. पाऊस पडला की ती फुटते. पण लोकांनी या वर्षी ते वेगळं वाचलं. काकू गेल्या, झाडही चाललं. आणि वर बघतो तर भिंतीतल्या खुंटीला मडकं टांगलेलं. बुडाला भोक, भोकात दर्भाची काडी, आणि थेंब थेंब पाणी थेट मुळावर. खालची रेती काळीभोर ओली.

घंट म्हणतात त्याला. आपल्यात ती रीत नाही. इकडच्या लोकांत आहे. माणूस गेल्यावर दहा दिवस पिंपळाला मडकं टांगतात, त्यातून पाणी ठिबकत राहतं, म्हणजे गेलेल्या जिवाला वाटेत तहान लागत नाही. ठकुराइनने टांगला होता. ऐंशीची म्हातारी रोज पहाटे घागर घेऊन पायऱ्या चढत होती, तुझ्यासाठी. पिंपळ सोडून इथे का, तर म्हणे, "पिंपर सबकर हौ. ई ओनकर हौ." पिंपळ सगळ्यांचा, हे झाड तुझं.

मी काय करायचं? घंट दहा दिवसांच्या आत उतरवला म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. असं मानतात, आणि मानतात ते सगळे तिथे जमलेले. ठकुराइन, नाना, वासू, मागे रमा डोळ्यांना पदर लावून. आणि ठेवला तर दहा दिवसांत मूळ कुजणार, ज्येष्ठाच्या उन्हात ते शिजणार. तू नसताना तुझं झाड तुझ्याच नावाच्या पाण्याने मारायचं.

रमा म्हणाली, "मामंजी, असू द्या ना. झाड तर सुकूनच गेलंय. आईंना तरी पाणी मिळू द्या."

नाना म्हणाले, "महाराज, या वेळी तरी हट्ट सोडा. झाड पुन्हा लावता येईल."

मी म्हटलं, "हे झाड पुन्हा लावता येत नाही."

वासूने नुसतं माझ्या हाताकडे बघितलं. माझा हात दोरीवर गेला होता, मला कळलंही नव्हतं.

ठकुराइन पुढे आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "महाराज, बहू तरसत-तरसत गइलिन. पानी बिना. अब मरले पर भी पियासल रहिहैं?"

गल्लीला ठाऊक होतं ना, वैद्यांनी तुझं पाणी तोडलं होतं ते. सगळ्यांच्या मनात तेच होतं. कोकणी काकू तहानलेली गेली. घंट त्यासाठीच होता. म्हातारी तुझी तहान भागवत होती.

मग मी सांगितलं. मराठीतच सांगितलं, हिंदी तेव्हा तोंडात येईना. म्हटलं, "ती तहानलेली गेली नाही. मी पाजलं तिला. दोन पेले. माझ्या हाताने. ती 'पुरे' म्हणाली, मगच गेली."

नाना खाली बघायला लागले. रमाचं रडणं थांबलं. वासूकडे मी बघितलं नाही. पण मी मान खाली घातली नाही, हे तुला सांगून ठेवतो. तू पुरे म्हणाली होतीस, मान खाली घालण्यासारखं त्यात काय होतं?

ठकुराइनला मराठी कळत नाही. पण 'पाजलं' आणि 'पुरे' तिला कळलं, का इतकी वर्षं तुझ्यासोबत बसून कळायला लागलं होतं, देव जाणे. तिने एकदाच विचारलं, "अघा के पियलिन?" पोटभर प्यायली?

मी म्हटलं, "हो. अघा के."

तिने स्वतः दोरी सोडली. मडकं दोन्ही हातांत धरून खाली गेली, एका एका पायरीवर थांबत, आणि उरलेलं पाणी गंगेत सोडलं. वासू सगळ्यांच्या आधी निघून गेला. घरी पानावर बसला, उठला, माझ्याशी शब्द नाही. मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी खुरपं घेऊन चौथऱ्यावर गेलो. मुळाभोवतीची ओली रेती खरवडून काढली, मुळांना वारा लागू दिला, आणि कोरड्या विटांचा चुरा हाताने फोडून भरायला बसलो. कंबर धरली, गुडघे बोलायला लागले. बऱ्याच वेळाने वर बघितलं तर वासू पायरीवर उभा. कधीपासून उभा होता कोण जाणे. तो खाली उतरला, माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि झाडाकडे बघत म्हणाला, "अप्पा, पुरे म्हणाली?" मी म्हटलं, "पुरे म्हणाली." मग त्याने हात पुढे केला. "खुरपं इकडे द्या." मी दिलं नाही. म्हटलं, "घरून दुसरं घेऊन ये."